खुर्ची सोडायची नाही

हे घडलं २०४३ च्या फेब्रुवारीत. मिरजेच्या आसपास तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते आणि दुपारच्या वाऱ्याला तो कच्चा, मातकट वास असायचा. लोकमानस प्रशिक्षण संस्थेच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत, हौसा बंडगर एका लोखंडी खुर्चीवर बसून मार खात होती.

मारणारा खोलीत नव्हता. हौसाच्या अंगात एक जाड बंडी होती आणि डोक्यावर घट्ट टोपी. पहिली लाथ कमरेत बसली, दुसरी बरगडीत. मग केस धरून ओढल्यासारखी टाळू ताणली गेली. अंधारात ताटल्या पडल्याचा आवाज झाला, एक मूल रडायला लागलं आणि अगदी कानाशी पुरुषाचा शांत आवाज आला, "खाली बस. तुझं खाली बसायचं राहिलंय अजून."

हौसा ताडकन उठून उभी राहिली. खोलीतले दिवे आपोआप लागले.

"चार मिनिटं बारा सेकंद," भिंतीवरच्या स्पीकरमधून कस्तुराचा आवाज आला. "मागच्या खेपेइतकंच टिकलात, अक्का."

"टिकले कसली. परत त्याच वाक्याला उठले," हौसा टोपी काढत म्हणाली. "मला जमंना बघ कस्तुरा. ढुंगणाला इंगळी डसल्यासारखं हुतंय."

कस्तुरा स्पीकरमधूनच हसली.

त्या बंडीला साक्षीबंडी म्हणत. सात वर्षांपूर्वी ती कायद्याने आली. घरात मार खाणाऱ्या बाईपाशी कोर्टात दाखवायला काही नसायचं. शेजारी साक्ष फिरवायचे, सासू खोटी शपथ घ्यायची. ही बंडी पातळ होती, पोलक्याच्या आत मावायची. बसलेला प्रत्येक फटका, त्याचा जोर, बाईची नाडी, भोवतालचा आवाज, सगळं ती टिपून ठेवायची. खटला संपला की बाईच्या संमतीने, नावगाव पुसून आणि आवाज बदलून, ते टिपण प्रशिक्षणासाठी दिलं जाई. संस्थेतल्या जाड बंड्या तेच टिपण उलट वाजवायच्या, मूळ जोराच्या दहाव्या हिश्श्याने.

समाज-समुपदेशकाची पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची होती. सहा गावांना एक समुपदेशक, अशी सरकारची योजना. लेखी पेपर असत, गावात राहून करायचं काम असे आणि शेवटी ही खोली. मुलं तिला 'खुर्ची' म्हणत. "खुर्ची निघाली का तुझी?" असं एकमेकांना विचारत. अकरा मिनिटांचं टिपण, नाडी नव्वदच्या आत आणि खुर्ची सोडायची नाही. सोडली की नापास. तीन संधी मिळत, त्यानंतर संस्थेतून नाव कमी होई.

नियम निर्मला चौगुले बाईंनी घातला होता. बाई संस्थेच्या प्रमुख. बारीक, ताठ, कायम इस्त्रीची सुती साडी. पहिल्याच तासाला त्या सांगत, "बाई सांगायला बसते तेव्हा आधी तुमचं तोंड बघते. तुम्ही दचकलात, डोळ्यात पाणी आणलंत, की ती म्हणते, जाऊ दे, एवढं काही नाही. आणि घरी जाते. तुमच्या दचकण्यामुळे ती घरी जाते, हे लक्षात ठेवा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इथून शिकून गेलेल्या मुलींसमोर बायका खरोखर बोलायच्या. नुसत्या तालुक्यातच शेकडो जणी बोलल्या होत्या.

हौसा वर्गात सगळ्यात मोठी, सत्तेचाळीस वर्षांची. वीस वर्षं तिने मिरज पूर्व भागात आशाताई म्हणून पायपीट केली होती. तिच्या गावासकट सहा गावांची समुपदेशकाची जागा तीन वर्षं रिकामी होती. शहरातल्या मुली तिकडे जायला तयार नसत. हौसा पास झाली तर जागा भरणार होती. परीक्षेच्या दोन संधी गेल्या होत्या, आता हा सराव चालला होता. तिसरी सोमवारी.

तिच्या उठण्याचं मूळ जुनं होतं. ती लहान असताना त्यांच्या गल्लीत घरांच्या भिंती एकमेकींना लागून होत्या. शेजारी कुणी बाईला मारायला लागलं की हौसाची आई जेवत्या ताटावरून उठायची, वरवंटा घ्यायची आणि मधल्या भिंतीवर दणादणा आपटायची. पलीकडची बाई तिच्या भिंतीवर आपटायची. बघता बघता सगळी गल्ली वाजायला लागायची आणि मारणाऱ्याचा हात थांबायचा. कुणी घरात शिरत नसे, कुणी उपदेश करत नसे. भिंत वाजली की पुरे. त्या दणक्याचा हादरा हौसाला आजही तळव्यात जाणवायचा. पुढे गल्लीत सिमेंटची घरं झाली, मधे बोळ आले आणि वरवंटे मिक्सरच्या मागे जाऊन पडले.

"अक्का, तुम्ही असं करा," कस्तुरा माने बाहेर येऊन बाकावर बसत म्हणाली. खोलीला लागूनच तिची छोटी केबिन होती. टिपण लावायचं, बंद करायचं, हे तिचं काम. बत्तीस वर्षांची कस्तुरा स्वतः दोन वर्षं साक्षीबंडी घालून राहिली होती. नवऱ्याला, दिगंबरला, सोडून ती मिरजेला आली होती. "ते वाक्य झालं की मोजून चार फटके आहेत. मग कुकरची शिट्टी होते. शिट्टी झाली की तो थांबतो, नंतर नुसतं रडणं आहे. तुम्ही फटक्यांकडे बघूच नका. शिट्टीची वाट बघा."

"आणि परीक्षेत शिट्टी काढून टाकली तर?"

"आवाज बदलतात, बारीकसारीक मागंपुढं करतात. पण शिट्टी कशाला काढतील? त्यांनाही कुकर लागतोच की घरी."

शेजारी तस्नीम सतारमेकर डबा उघडून बसली होती. तेवीस वर्षांची, वर्गात पहिली, तिची खुर्ची पहिल्याच खेपेला निघाली होती. आता फक्त वरच्या श्रेणीसाठी ती पुन्हा बसणार होती. ती म्हणाली, "अक्का, सोमवारी उठलात ना, तर तुमची भाकरी आणि खर्डा मी खाणार. रोज."

"तू आत्ताबी रोजच खातीस की गं."

त्या रविवारी हौसाने घरी खुर्चीवर बसून चाळीस वेळा मनातल्या मनात मोजलं. वाक्य. एक, दोन, तीन, चार. शिट्टी.

सोमवारी सकाळी अकराला चौगुले बाई आणि बाहेरून आलेले दोन परीक्षक वरच्या मजल्यावर पडद्यासमोर बसले. पडद्यावर हौसाची नाडी दिसत होती आणि खोलीतला आवाज त्यांना ऐकू येत होता. खाली व्हरांड्यात तस्नीम आणि आणखी तिघी बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होत्या. पाठ ताठ, डोळे मिटलेले, शिकवल्याप्रमाणे चार आकड्यांत श्वास घेत.

पाऊण तासापूर्वी एक माणूस खांद्याला पिशवी अडकवून फाटकातून आत आला होता. तस्नीमला वाटलं, केबिनचा एसी दुरुस्त करायला आला असेल. तिनेच त्याला केबिनचं दार दाखवलं होतं. दाराला तेव्हा कुलूप होतं, म्हणून तो जिन्याखाली थांबला.

"बसलात नीट?" कस्तुराने माईकवरून विचारलं. "सुरू करते हं, अक्का."

दिवे गेले. दाराची कडी वाजली. टिपणाची सुरुवातही कडीच्या आवाजानेच व्हायची.

"कोण?" बाईचा आवाज. मग काहीतरी खाली पडलं. "तू इथं कसा? जा. जा म्हणते ना."

पुरुषाचा आवाज नेहमीपेक्षा घोगरा होता. आवाज बदलतात, हौसाला आठवलं. तिने मांड्यांवर हात पालथे ठेवले.

"दोन वर्षं तोंड काळं करून बसलीस," तो म्हणाला. खुर्ची सरकल्याचा, काच फुटल्याचा आवाज. बाई धडपडत होती. आणि मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "खाली बस. तुझं खाली बसायचं राहिलंय अजून."

हौसाच्या पोटऱ्या ताठ झाल्या. पण ती उठली नाही. सहा गावं, तिने स्वतःला बजावलं.

एक. ओल्या लाकडात काहीतरी रुतावं तसा आवाज. बाई किंचाळली.

अंगावर मात्र काहीच बसलं नाही. बंडी गप्प होती. परीक्षकांनी दया केली असावी, किंवा यंत्र बिघडलं असावं, असं हौसाला वाटलं. आज मार लागत नव्हता म्हणून तिला बरं वाटलं.

दोन. बाईचा आवाज घशातच तुटला.

वरच्या मजल्यावर एक परीक्षक पडद्याकडे वाकला. "चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "या वयाच्या विद्यार्थिनीला हे साधणं कौतुकाचं आहे." चौगुले बाईंनी मान हलवली.

तीन. काहीतरी थबथब गळत होतं.

चार.

हौसा शिट्टीची वाट बघत राहिली. तिने श्वास धरला. आता होईल. बाई कण्हत होती, आणि कण्हता कण्हता ती म्हणाली, "माईक..."

पाच.

शिट्टी झाली नव्हती.

हौसा उठली. बंडीची वायर खेचली गेली, तिने ती हिसडून तोडली. हात आपोआप वरवंटा शोधत होते. हाताला खुर्ची लागली. ती घेऊनच ती व्हरांड्यात आली. बाकावर चौघी ताठ बसल्या होत्या. त्यांनाही सगळं ऐकू जात होतं. तस्नीमने एक डोळा उघडला आणि हळूच म्हणाली, "अक्का, परत उठलात?"

हौसाने केबिनच्या दारावर लाथ घातली. दिगंबरच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. कस्तुरा टेबलाखाली मुडपून पडली होती. डावा हात तिने डोक्यावर धरला होता आणि त्याची बोटं हाताला राहिली नव्हती. कान लोंबत होता. भिंतीवर, बटणांवर, माईकवर रक्ताचे शिंतोडे होते. माईकचा हिरवा दिवा जळत होता.

तो वळला आणि त्याने वार केला. कोयता हौसाच्या खांद्यावर बंडीच्या जाड अस्तरात रुतला, तिथेच अडकला. हौसाने खुर्ची उचलून त्याच्या तोंडावर मारली. जबड्याचं हाड मोडल्याचं तिला हातात कळलं. तो भिंतीवर आदळला, घसरला. तिने पुन्हा मारली. गुडघ्यावर, मनगटावर, पाठीवर. खुर्चीचा एक पाय वाकला तरी ती मारत राहिली, अजिबात न ओरडता, एकसारख्या लयीत. शेवटी तस्नीमने तिला मागून मिठी मारली. "अक्का, तो हलत नाहीये. अक्का, पुरे."

पोलिसांनी ती बंडी पुरावा म्हणून नेली. वायर तुटली तरी तिची बॅटरी चालू होती आणि फटके टिपणं हे तर तिचं मूळ कामच; हौसाने मारलेल्या फटक्यांचे हादरेही तिने टिपले. अकरा फटके. त्यांतले शेवटचे सहा दिगंबर निपचित पडल्यानंतरचे. आणि त्या सगळ्या वेळात हौसाची नाडी ब्याऐंशी. चौकशीत हा आकडा वाचला गेला तेव्हा चौगुले बाई समोरच्या बाकावर होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

नवव्या दिवशी हौसाला दवाखान्यात कस्तुराला भेटू दिलं. पट्ट्यांतून कस्तुराचा एकच डोळा दिसत होता.

"किती वेळ लागला, अक्का? तुम्ही यायला?"

"एक मिनिट पन्नास सेकंद," हौसा म्हणाली. खोटं बोलणं तिला सुचलंच नाही. मग तिने विचारलं, "ते टिपण तुझंच होतं का गं? वाक्य तर तेच बोलला तो."

"न्हाई. ते दुसऱ्याच कुठल्या बाईचं आहे. वाक्य सगळ्यांचं तेच असतं." कस्तुराने छताकडे नजर वळवली. "माईक चालू होता, अक्का. म्हणून मी फार ओरडले न्हाई. दम राखून ठेवला. वाटलं, ऐकतायत सगळे, येतील."

हौसाने कस्तुराचा उजवा हात धरला आणि पहिल्यांदा, शिकवलेलं सगळं सोडून, ती तिच्यासमोर हुंदके देऊन रडली. कस्तुरा घरी गेली नाही की गप्पही झाली नाही. ती तासभर बोलत राहिली.

दिगंबरला बारा वर्षांची शिक्षा झाली. चौथ्या वर्षी तो तुरुंगात मेला. हौसावर खटला झाला आणि ती सुटली. तिच्या गुणपत्रकावर खुर्चीपुढे चौऱ्याण्णव गुण होते, संस्थेच्या इतिहासात सगळ्यांत जास्त. परीक्षकाने पाचव्या वाराआधीच लिहून ठेवले होते. हौसाने ते गुणपत्रक परत पाठवलं, पण जागा घेतली. सहा गावांत ती वीस वर्षं फिरली. कुणाच्या घरी खुर्ची पुढे केली तर बसायची नाही. उंबऱ्याशी जमिनीवर बसायची. तिच्या पिशवीत कायम एक वरवंटा असे. तिच्यामागे त्या गावांतल्या बायका भिंत वाजवायला पुन्हा शिकल्या.

तस्नीमने शेवटच्या महिन्यात शिक्षण सोडलं. ती घरच्या दुकानात सतारीच्या तारा लावते. सूर उतरला की कान लगेच सांगतो, तेवढं पुरे, असं म्हणते. फाटकातून कुणी पिशवीवाला आत आला की तिचा हात अजून थांबतो. चौगुले बाई निवृत्त होऊन कुरुंदवाडला गेल्या, पण जाण्याआधी त्यांनी परीक्षा बदलली. आता टिपण सुरू झाल्यावर विद्यार्थ्याने कधी बसून राहायचं आणि कधी उठायचं, हे त्याने स्वतः ठरवायचं असतं.

परीक्षेला आता कस्तुराचं टिपण वाजतं, केबिनच्या माईकने टिपलेलं. तिने संमती दिली ती एका अटीवर, माझा आवाज बदलायचा नाही. वर्षातून एकदा ती स्वतः संस्थेत येते, व्हरांड्यातल्या त्याच बाकावर बसते आणि आतली मुलं कितव्या वाराला उठतात ते उजव्या हाताच्या बोटांवर मोजते. बहुतेक जण पहिल्यालाच उठतात. उठायचं असतं हे त्यांना वरच्या वर्गातल्यांकडून कळलेलं असतं.

गेल्या वर्षी एक मुलगी उठलीच नाही. शेवटपर्यंत बसली, बाहेर आली आणि कस्तुराला बघून ओशाळली.

"मला माहीत होतं ना, मावशी," ती म्हणाली, "की हे नुसतं टिपण आहे."

कस्तुराने तिला शेजारी बसवून घेतलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "पण बाळ, ते तुला कशावरून कळलं?"