एकेक चावून खाणारा

"हा नवा कंपायलर ज्यानं बनवलाय ना, त्याला समोर उभं करून जाब विचारायला हवा," लिफ्टमध्ये ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली.

"विचारा की," मागून आवाज आला. "उभाच आहे."

तिनं वळून पाहिलं. माणूस दिसायला चांगला होता... आणि हे तिला मुळीच आवडलं नाही.

तिनं लिहिलेल्या सॉफ्टवेअर लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, हवामान खात्याची मोठमोठी गणितं चालायची. तिचा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नवा आला आणि ती गणितं अशी रखडली, की पावसाचा अंदाज लोक भिजून घरी पोचल्यावर निघायचा. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर खातं दुसरी लायब्ररी घेणार होतं.

दुरुस्तीसाठी तो रोज शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑफिसातून यायचा आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचा.

"जुना कंपायलर आठ-आठ आकडे एका घासात घ्यायचा. नवा एकेक चावून खातो," तो म्हणाला. "चूक होईल म्हणून घाबरतो."

"कुणावर गेलाय?"

"बनवणाऱ्यावर..." नजर पडद्यावरच होती, कान मात्र लाल झाले.

टेबलाच्या कडेला ठेवलेला तिचा कॉफीचा मग तो न बोलता आत सरकवायचा. हळूहळू ती तो मुद्दामच कडेला ठेवू लागली.

बुधवारी घरून ऑफिसच्या मशीनवर चाचणी चालवताना तिला दुखणं सापडलं. कंपायलर चालवताना सूचनेत एक जास्तीचा पर्याय जोडला, की लायब्ररी पुन्हा पळत होती. तिनं खरं तर नाचायला हवं होतं. पण दुरुस्ती झाली, की तो जाणार — म्हणून ती गप्प बसली, आणि रात्रभर तिचं मन तिला खात राहिलं.

गुरुवारी चाचणीचं मशीन सांभाळणारे काका तणतणत आले.

"एका टेबलावर बसता ना दोघं? मग एकच चाचणी वेगवेगळी, तीही चोरून का चालवता? तोच पर्याय, तोच निकाल. माझं मशीन अडवून ठेवलंत."

तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तुम्हाला कधी सापडलं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी..."

"आणि मला कोड उकरायला लावलंत? तिकडे लोक भिजतायत."

"उद्याच्या आत सांगणारच होतो. त्याआधी तुम्हाला एक विचारायचं होतं... धीर होत नव्हता."

तिनं आधी दुरुस्ती खात्याला पाठवली. तो उठला, खुर्ची जागेवर ठेवू लागला. तिला फार वाईट वाटलं. तिनं कॉफीचा मग टेबलाच्या अगदी टोकाला सरकवला. त्याचा हात आपोआप पुढे आला, आणि तिनं तो धरला.

"विचारा आता. आणि एकेक शब्द चावत बसू नका."

"उद्या-कॉफी-परवा-जेवण-रविवारी-माझ्या-आईला-भेटशील?"

"भेटेन," ती म्हणाली. "पण कॉफी आजच."