तेरेखोलची पिवळी नदी

शिवदास शेटच्या खिशात पोलिसांसाठी लिहिलेली तक्रार होती आणि तिच्यात एकच नाव होतं: संजना गावस. पाच वाजता ते ती घेऊन डिचोलीच्या पोलीस ठाण्यात जाणार होते. आता साडेतीन झाले होते.

"मग मला कशाला बोलावलंत?" सुलोचनाबाई पार्सेकरांनी विचारलं.

"बायकोनं बोलावलं. तिचं म्हणणं, नऊ वर्षं आमच्या घरात जेवलेली मुलगी असं करायची नाही."

सुलोचनाबाईंना पेडण्याहून गाडीनं घेऊन आला होता त्यांचा दीर, यशवंत. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ वहिनीच्या प्रत्येक तपासात हजर असायचा आणि प्रत्येक तपासात भलत्यालाच पकडायचा. आजही दारातून आत आल्या आल्या त्यानं संजनाला दोषी ठरवून टाकलं होतं.

प्रकरण असं. तेरेखोलच्या एका हॉटेलानं नदीची आणि किल्ल्याची चाळीस मोठी छायाचित्रं शेटच्या या प्रेसमध्ये छापायला दिली होती. दोनदा छापली, दोनदा परत आली. पाणी पिवळट, भिंती पिवळट. दसऱ्यानंतर नवी शाई आली म्हणून संजनानं प्रिंटरचं नवं प्रोफाइल केलं होतं. म्हणजे शेकडो रंगीत चौकोन छापायचे, मापकयंत्रानं एकेक चौकोन मोजायचा आणि कुठला रंग किती सोडायचा हे त्या आकड्यांवरून प्रिंटरला शिकवायचं. मापकयंत्र कपाटात कुलपात असे. एक किल्ली संजनाकडे, दुसरी शेटकडे.

"मी त्या यंत्राला कधी हात लावत नाही. चालू कसं करतात तेही मला ठाऊक नाही," शेट म्हणाले. "आणि हिला म्हापशाच्या प्रेसनं नोकरीला बोलावलंय. मुद्दाम वाट लावली माझी! हॉटेलवाल्यांनाही मी काल हिचं नाव सांगून मोकळा झालो."

आधी प्रेसमधल्या दुसऱ्या कामगाराला, सर्वेशला विचारलं. शाई तोच भरायचा. बाटल्या सीलबंद आल्या होत्या, रिकाम्या अजून कोपऱ्यात होत्या. दसऱ्याला संजना तीन दिवस सर्वणला घरी गेली होती, प्रेसमध्ये शेट आणि तो दोघेच होते. त्यानं यंत्रं पुसली, पूजा शेटनी केली.

"पूजेत ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत," सर्वेश म्हणाला. "कपाटं उघडून सगळी हत्यारं काढतात. स्टेपलरसुद्धा सोडत नाहीत."

खरंच होतं ते. प्रिंटर, कटर, कात्र्या, सगळ्यांवर हळद-पिंजरीची, म्हणजे हळदीकुंकवाची बोटं वाळली होती. स्टेपलरचा टिळा बघून यशवंतला हसू आवरेना.

संजनाचे डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता. म्हापशाहून बोलावणं आलं होतं, तिनं नाही म्हणून कळवलं होतं. तिनं मापकयंत्र पेटीतून काढून टेबलावर ठेवलं. स्वच्छ, कुठे डाग नाही. ते एका बैठकीवर बसलेलं होतं आणि बैठकीत तळाशी पांढरी टाइल होती. मोजण्याआधी यंत्र दर वेळी ती टाइल बघून घेतं आणि तिलाच पांढरं मानून बाकीचे रंग ठरवतं.

"चतुर्थीआधी मोजलेला एखादा चौकोनांचा तक्ता आहे गो बाय?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

तक्ता होता, जाड पाकिटात, उजेडापासून जपलेला. संजनानं तो सगळ्यांसमोर पुन्हा मोजला. मोजून होईपर्यंत साडेचार वाजले. शेट उठून चपला घालू लागले.

"बसा, शेट," सुलोचनाबाई म्हणाल्या. जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी होते. तोच कागद, तेच चौकोन, पण आता प्रत्येक चौकोन निळसर नोंदला गेला होता. कोरा कागदसुद्धा.

"निळसर?" यशवंत गोंधळला. "पण वयनी, चित्रं तर पिवळी आलीत."

"तीच गोष्ट आहे, भावजी. शाई बिघडली असती तर डोळ्याला पिवळं दिसलं असतं आणि यंत्रालाही पिवळंच. इथं यंत्राला सगळं जास्त निळं दिसतं, म्हणून प्रोफाइल पिवळा रंग वाढवतं. आता सांगा, यंत्राला सगळंच निळं केव्हा दिसेल? ज्याला ते पांढरं समजतं तेच पिवळं असेल तेव्हा."

त्यांनी ओल्या पांढऱ्या रुमालानं टाइल घासली. रुमालावर फिकट पिवळा डाग उतरला.

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम..." यशवंत सर्वेशकडे वळला.

"मुद्दाम करणारा नंतर पुसत बसत नाही. या प्रेसमध्ये टिळा नसलेलं एकच हत्यार आहे आणि ते हे. स्टेपलर न सोडणारा माणूस याला सोडेल? सोडलं नाही. लावलं आणि पुसलं. पिंजर कोरडी, ती निघून गेली. हळद राहिली, पण इतकी पुसट की डोळ्याला कळू नये."

शेट पुन्हा खुर्चीत बसले.

"यंत्र उचललं तर खालचं ते पांढरं मला मुख्य वाटलं, देवाच्या कपाळासारखं," ते हळूच म्हणाले. "मग ही आल्यावर रागावेल म्हणून पुसलं. पण ती पूजा होती हो. पूजेला हात लावणं कोण म्हणतं?"

त्यांनी खिशातली तक्रार काढून फाडायला घेतली.

"कागद फाडून काय होणार, शेट?" संजना म्हणाली. "हॉटेलात माझं नाव पोचलंय."

शेटनी तिच्याकडे पाहिलं. मग फोन उचलला. हॉटेलचा नंबर लावला.

"मी शिवदास बोलतोय, डिचोलीहून," ते म्हणाले. "काल तुम्हाला खोटं सांगितलं. चूक संजनाची नव्हे, माझ्या हाताची आहे."

संजनानं मान खाली घालून सगळं ऐकलं. फोन खाली ठेवला गेला तेव्हा तिनं टाइल पुन्हा एकदा स्वच्छ पुसली, यंत्र तिच्यावर बसवलं आणि पहिला चौकोन मोजायला घेतला.