चार सेकंद मागे

ही गोष्ट मी कुणाला पटवायला बसलेले नाही. जे झालं ते सांगते. आमच्या सासूबाई साक्षीला आहेत. आणि ज्या बाईंनी आमचा कॉम्प्युटर नवा करून दिला, त्या आजही आमच्या घराजवळ आल्या की रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

आमच्याकडे सगळं दिवसाढवळ्या झालं. शनिवार होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. बाहेर लख्ख ऊन.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायच्या. हॉस्पिटलमधले एक्स-रेचे डॉक्टर फिल्म बघतात आणि काय दिसतं ते बोलून रेकॉर्ड करतात. ते रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट टाईप करायचा, हे अक्कांचं काम. एकोणीस वर्षं केलं, घरी बसून. आमच्या तीन खोल्यांतली सगळ्यात लहान खोली त्यांची. टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर, आणि टेबलाखाली पायाने दाबायचं पेडल.

शिलाई मशीनला असतं ना, तसंच. मधे दाबलं की डॉक्टरांचा आवाज सुरू. पाय उचलला की बंद. डावीकडे दाबलं की रेकॉर्डिंग चार सेकंद मागे जायचं.

अक्का पायमोजे घालून बसायच्या. दिवसभर टेबलाखालून आवाज यायचा. टक्... टक्... सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण हा आवाज त्यांना भिंतीपलीकडूनही कळायचा.

"एवढ्यांदा काय ऐकता हो?" मी विचारायचे.

"खात्री नको का?" अक्का म्हणायच्या. "आपल्याला तो कागद असतो, वहिनी. त्या माणसाला तो जीव असतो."

शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी मलाही काम शिकवलं. मग पंधरा दिवसांच्या आजारपणात त्या गेल्या. काम माझ्याकडे आलं. खुर्ची, पेडल, सगळंच.

सात महिने सुरळीत गेले. मग हॉस्पिटलचं पत्र आलं. जुन्या सिस्टिमवरून पाठवलेले रिपोर्ट महिनाअखेरीपासून घेणार नाही. कॉम्प्युटरची सिस्टिम नवी करा, नाहीतर काम थांबवा.

मला धडकीच भरली. एकोणीस वर्षांच्या फायली होत्या त्यात. काही उडालं तर? चालू असलेलं बंद पडलं तर? आमचे हे पंपांच्या कारखान्यात फिटर. त्यांना म्हटलं, तुम्ही बघा ना. ते म्हणाले, "अगं, मी स्क्रू आवळणारा माणूस. यात स्क्रू कुठेय?"

शेवटी चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, बोलायला फटकळ.

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हा म्युझियममधून आणलात का?"

"चालतो की अजून."

"नवरा जुना झाला तरी चालवून घेतो आपण. कॉम्प्युटरचं तसं नसतं."

मला हसू आलं. तेवढंच त्या दिवशीचं हसू.

आधी त्यांनी सगळ्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. त्यात तास गेला. मग विचारलं, "यात दोन खाती आहेत. एक तुमचं. हे 'अक्का' कोण?"

"माझी नणंद. गेल्या त्या."

"पासवर्ड?"

"माहीत नाही."

"मग नव्या सिस्टिममध्ये हे खातं घ्यायला नको. काढून टाकते. टाकू ना?"

मी हो म्हणाले. रडू आलं थोडं, पण म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

"तिला विचारलंत का?"

आम्ही हळू आवाजात बोलत होतो. सासूबाईंना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"वय झालंय," मी कुजबुजले. बाईंनी मान हलवली आणि बटण दाबलं.

"आणि हे पेडल आता विसरा," त्या म्हणाल्या. "इतकं जुनं आहे की नवी सिस्टिम त्याला ओळखणार नाही. कीबोर्डनेच मागेपुढे करायचं." त्यांनी पेडलची वायर उपटली, गुंडाळी केली आणि टेबलाखाली सारली.

पडद्यावर आकडे सुरू झाले. दहा टक्के. वीस टक्के. खाली लिहिलेलं, कॉम्प्युटर बंद करू नका.

त्रेसष्टवर आकडा थांबला.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पाऊण तास.

"असं होतं कधी कधी," बाई म्हणाल्या. पण त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

"बंद करून पुन्हा सुरू केला तर?"

"मधेच बंद केला तर सगळंच जाईल. ना जुनं राहील, ना नवं."

खोलीत आवाज नव्हता. पंखासुद्धा बंद होता.

आणि तेव्हाच...

टक्.

टेबलाखालून.

आकडा हलला. चौसष्ट.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायांकडे बघितलं. माझे पाय खुर्चीच्या दांडीवर होते.

टक्.

पासष्ट.

बाई खाली वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग त्यांनी पेडल बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. वायरची गुंडाळी तशीच होती. कशालाही जोडलेली नव्हती.

पण पेडलवरचं रबर...

उबदार होतं. कुणी नुकताच पाय उचलावा, तसं.

पुढचं काम भराभर झालं. शंभर टक्के झाले, कॉम्प्युटर तीनदा आपोआप बंद होऊन सुरू झाला, माझं एकटीचं खातं आलं. फायली जागच्या जागी होत्या. बाईंनी चहासुद्धा घेतला नाही. जिन्यात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "काही अडलं तर फोन करा. फोनवरच सांगेन."

मी पेडल पिशवीत घालून कपाटावर ठेवून दिलं.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी भाजी चिरत होते. सासूबाई म्हणाल्या, "आज ती लवकर बसली वाटतं कामाला."

माझ्या हातातली सुरी थांबली. मी उठून बघितलं. खोली रिकामी होती. कॉम्प्युटर बंद होता.

मी देवाचं नाव घेतलं आणि कामाला बसले. हेडफोन लावला. पहिलीच फाईल पोटाच्या तपासणीची. डॉक्टरांचा नेहमीचा घाईतला आवाज. "उजव्या मूत्रपिंडात गाठ दिसते..."

मी टाईप केलं. उजव्या मूत्रपिंडात.

आवाज थांबला.

आणि... आपोआप चार सेकंद मागे गेला.

"उजव्या मूत्रपिंडात गाठ दिसते..."

मी कीबोर्डवरून हात उचलले. हवेत धरले.

पुन्हा मागे. "उजव्या मूत्रपिंडात..."

पुन्हा.

नऊ वेळा. शेवटी तर फक्त "उजव्या... उजव्या... उजव्या..."

मी हेडफोन काढून फेकला. घाम फुटला होता. पण बसल्या बसल्या अक्कांचं ते वाक्य आठवलं, आणि मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, पहिल्या फाईलमध्ये बाजू एकदा बघाल का? उजवीच ना?"

"हो, उजवीच. थांबा, बघतो."

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. आवाज बदललेला.

"ताई, गाठ डाव्या बाजूला आहे. मी चुकून उजवी म्हणालो. परवा ऑपरेशन आहे त्यांचं." मग थांबून म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही जरा अडखळलात असं वाटलं," मी खोटंच बोलले.

त्या दिवशी मी रिकाम्या खोलीत उभी राहून हात जोडले. भीती गेली नव्हती. पण वाटलं, अक्काच आहेत. आपल्याच माणसाला काय घाबरायचं?

पुढच्या दीड महिन्यात असं चारदा झालं. कधी वय चुकलेलं, कधी मापात एक शून्य जास्त. ज्या जागी आवाज अडायचा, तिथे चूक असायचीच. एकदाही फुकट नाही.

ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले सिस्टिममध्ये काहीतरी बिघाड असेल. दुकानातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सिस्टिम नीट आहे. मला माहितीये ती नीट आहे." आणि फोन ठेवला.

मग तो गुरुवार आला.

छातीचा एक्स-रे. बाई, वय एकोणचाळीस. जिना चढताना धाप लागते म्हणून काढलेला. डॉक्टर म्हणत होते, "फुप्फुसं स्वच्छ. हृदयाचा आकार सामान्य. बाकी काही विशेष नाही."

आवाज थांबला. चार सेकंद मागे.

"बाकी काही विशेष नाही."

पुन्हा.

"बाकी काही विशेष नाही."

मी लगेच फोन केला. डॉक्टरांनी फिल्म पुन्हा बघितली. म्हणाले, "ताई, काही नाहीये त्यात. पाठवा."

मी परत बसले. पुन्हा तेच. वीस वेळा. तीस वेळा. नंतर मी मोजणं सोडलं. मी दुसरी फाईल उघडायला गेले, तर त्या फाईलमधूनही तेच. "बाकी काही विशेष नाही."

दुपारी पुन्हा फोन केला. या वेळी डॉक्टर चिडले.

"बत्तीस वर्षं फिल्म बघतोय मी. तुम्ही मला शिकवणार का? पाचपर्यंत रिपोर्ट हवाय. जमत नसेल तर सांगा, दुसरं कुणी बघतो."

ह्यांची सुट्टी होती. दारात उभं राहून ऐकत होते.

"अगं, ते डॉक्टर आहेत," हे म्हणाले. "तू टायपिस्ट आहेस. तू काय करणार आणखी?"

खरंच, काय करणार होते मी?

पाच वाजायला सात मिनिटं होती. मी रिपोर्ट टाईप केला. पाठवायच्या बटणावर बाण नेला. हेडफोन कानावरच होता.

आणि डॉक्टरांचा आवाज एकदम गेला.

नुसती शांतता. मागची खरखरसुद्धा नाही.

मग अगदी कानाजवळ... कुणीतरी श्वास आत घेतला. बोलायच्या आधी घेतो ना आपण, तसा.

आणि तो सोडलाच नाही.

मी वाट बघितली. मनातल्या मनात म्हटलं, अक्का, बोला ना. काय आहे ते सांगा. मी पुन्हा फोन करते. शिव्या खाते. पण काहीतरी सांगा.

पाच वाजले.

मी बटण दाबलं.

हेडफोनमध्ये खरखर परत आली. पुढची फाईल आपोआप सुरू झाली आणि सलग शेवटपर्यंत वाजली. त्यानंतरचीही. त्यानंतरचीही.

सासूबाई संध्याकाळी म्हणाल्या, "आज काम बंद का केलं तिने मधेच?" त्यानंतर त्यांनी अक्कांचा विषय काढलेला नाही.

या गोष्टीला आता वर्ष झालं. त्या दिवसापासून एकही फाईल अडलेली नाही. मीच आता प्रत्येक वाक्य दहा दहा वेळा मागे घेऊन ऐकते. चुका राहत असतील, तर मला कोण सांगणार?

आम्हाला पेशंटची नावं देत नाहीत. फक्त नंबर असतो. तो नंबर मला पाठ आहे, पण इथे लिहिता येत नाही. हॉस्पिटलमध्ये दोनदा जाऊन विचारलं. ते म्हणाले, अशी माहिती बाहेरच्यांना देत नाही.

म्हणून इथे लिहितेय. या पानावर खूप बायका वाचायला येतात.

गेल्या वर्षी तुमचं वय एकोणचाळीस असेल, जिना चढताना धाप लागत असेल, एक्स-रे काढला असेल आणि रिपोर्टमध्ये शेवटी "बाकी काही विशेष नाही" असं लिहून आलं असेल, तर ते मी टाईप केलंय. कृपा करून पुन्हा एकदा तपासून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आणि ठणठणीत असाल, तर मला तेवढं कळवा. एक ओळ पुरे.