दोर ओढायचा नाही

भाचीला मुलगी झाली, तिला बघायला आम्ही दोघं डोंगरापलीकडं गेलो होतो. मी आणि रेडिओ. रेडिओ म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि पुढं माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. झोपेतसुद्धा त्याचं तोंड बंद नसायचं, म्हणून सगळे त्याला रेडिओच म्हणत. बहिणीचे गुडघे कामातून गेलेत, तिला असला प्रवास जमत नाही. निघताना तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "दादा, हे कुणाशीही बोलत कुठंही निघून जातात. यांना मला परत आणून दे."

"तुझा नवरा काय काचेचं भांडं आहे?" मी म्हटलं. पण शब्द दिला.

बाळ बघितलं, परत निघालो. डोंगरावरच्या एका गावात बस थांबली ती थांबलीच. पुढं दरड कोसळली होती. कंडक्टर म्हणाला, "संध्याकाळ होईल. बसून कंबर मोडून घेऊ नका, गावात फिरून या. हॉर्न वाजवला की पळत यायचं."

"पळायचं वय राहिलंय का आमचं?" मी विचारलं. तो हसला आणि सीटवर आडवा झाला.

गाव उतारावर होतं. पत्र्याची छपरं, काळ्या दगडाच्या पायऱ्या, एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी. न्हाव्याचं एक दुकान होतं, आत दोन खुर्च्या, गिऱ्हाईक एकही नाही. दातांच्या डॉक्टरच्या खिडकीत प्लास्टरची कवळी धूळ खात पडली होती. रेडिओ जो दिसेल त्याला थांबवून गप्पा मारत होता आणि लोक तोंडातल्या तोंडात उत्तर देऊन सटकत होते. अशी घुमी माणसं मी कुठं बघितली नाहीत.

आणि सगळीकडं तो दोर. घरांच्या भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी कड्या ठोकलेल्या, त्यांतून मनगटाएवढा जाड दोर ओवलेला. गल्लीगल्लीतून गेलेला. हात लागून लागून तो गुळगुळीत झाला होता.

चहावालीला विचारलं. बाई आमच्याच वयाची, कपाळावर आठ्या घालून बसलेली. म्हणाली, "धुकं येतं. आलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि बाजूला दरी आहे. दोराला हात लावून चालायचं. हात सोडायचा नाही. आणि दोर ओढायचा नाही."

"का?" रेडिओ म्हणाला.

"आमच्यात ओढत नाहीत."

"आता घ्या! आयुष्यभर विहिरी खणल्या आम्ही दोघांनी, आणि हातात दोर धरून ओढायचा नाही म्हणता? समोर वाढलेलं ताट नुसतं बघत बसायचं?"

बाई हसली नाही. ग्लास उचलून आत गेली.

विहिरीचं काम ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण खाली खणतो, एक जण वर दोरावर. खोल गेल्यावर हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं दोरावर चालतं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे टोपलं वर घे. तीन म्हणजे मला वर ओढ. तीन आले की हातातला घास टाकून ओढायचं, का आणि कशाला ते नंतर. त्या तीन हिसक्यांवर रेडिओनं मला बाहेर काढलंय आणि मी त्याला. मातीचा ढीग अंगावर आलेला असताना.

धुकं दुपारीच आलं. दरीतून वर चढलं आणि बघता बघता गल्ली पुसली गेली. आम्ही वरच्या अंगाला होतो. दोराला हात लावून उतरायला लागलो, मी पुढं, रेडिओ मागं. दोर ओला आणि गार होता. घरांची दारं लागल्याचे आवाज आले, एकामागून एक, आणि मग सगळं गपगार.

मागून एक हिसका आला.

"ए, बाईनं काय सांगितलं?"

"ती काय माझी सासू आहे? उत्तर दे की लेका, काम विसरलास का?"

मला हसू आलं. मीही एक दिला. मग तो, मग मी. म्हातारपणी पोरखेळ. जरा वेळानं एक हिसका आला... पुढून.

रेडिओ खूश. "अरे, पुढं कुणीतरी आपल्या धंद्यातला आहे! ओ पाव्हणं, किती खोल आहात?" असं ओरडून त्यानं परत हिसका दिला. पुढून उत्तर आलं. लगेच.

"बास कर," मी म्हटलं.

"बरं बाबा."

ते त्याचं तिथलं शेवटचं बोलणं. पाच-सहा पावलांनी माझ्या ध्यानात आलं, की मागून बडबड येत नाहीये. रेडिओ आणि गप्प! मी थांबलो. त्याच्या चपलांचाही आवाज नाही. आणि वास आला. तो वास मी डोळे मिटून ओळखतो. विहिरीच्या तळाचा वास. ओली लाल माती आणि कोंडलेली हवा, जिथं कंदील धरला की मिणमिणायला लागतो. उघड्या गल्लीत, डोंगरावर, तो वास.

"रेडिओ... आहेस ना?"

एक हिसका.

"तोंडानं बोल."

एक हिसका.

मी हात मागं करून चाचपलं. नुसतं धुकं. दोरावरचा हात न सोडता चार पावलं मागं गेलो, तिथंही कोणी नाही. मग हिसके आले. एक. दोन. तीन.

तुम्ही म्हणाल, बाईनं बजावलं होतं. बजावलं असेल. पण खाली माझा माणूस होता आणि तो वर ओढ म्हणत होता. मी दोन्ही हात दोराला घातले, भिंतीला पाय लावला आणि ओढायला लागलो.

दोर आडवा यायला पाहिजे होता. तो खालून आला. हाताला कळतं ते. खाली वजन होतं, एका माणसाचं, आणि ते हेलकावे खात होतं. हातभर-हातभर दोर मी वर घेतला. खांदे भरून आले, तळहात सोलले. एकदा वजन अचानक कमी झालं, जसं कुणी सुटून पडावं... आणि लगेच परत भरलं. मग माझ्या हातांच्या खाली एक हात आला. मी मनगट धरून खेचलं.

धुकं विरळ झालं. रेडिओ माझ्यासमोर उभा होता, गल्लीत, दगडी फरसबंदीवर. दोर कड्यांमधून सरळ आडवा ताणलेला. मी ओढलेला दोर कुठंच पडलेला नव्हता. रेडिओचे कपडे छातीपर्यंत लाल मातीनं भरले होते. त्या गावात सगळा काळा दगड.

"कुठं पडला होतास रे?"

तो बघत राहिला. बोलला नाही. मी त्याचा हात धरून चालायला लागलो आणि तिथंच थांबलो. काम सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी माझ्या तळहातावरचे घट्टे तसेच आहेत. त्याचेही होते. आता तळहात लोण्यासारखा मऊ होता. जणू त्या हातानं कधी काहीच धरलं नव्हतं.

चहावाली दारातच उभी होती. त्याच्याकडं तिनं बघितलं नाही. माझ्या एकट्यापुढं ग्लास ठेवला.

"ओढलंत तुम्ही."

"माझा माणूस होता."

"होता," ती म्हणाली.

मला राग आला. म्हटलं, "काय ते नीट सांगा, बाई. हा कोण आहे? आणि आमचा कुठं आहे?"

ती हळू आवाजात म्हणाली, "मला कळलं असतं तर माझ्या भावाला मी आणलं नसतं का?... आता वर काढलाय तर घेऊन जा. इथं ठेवू नका. आमच्याकडं आहेत तेवढे पुरे आहेत."

तेवढ्यात हॉर्न वाजला.

काय करणार होतो मी? दोघं गेलो होतो, दोघं परतलो. बसमध्ये तो खिडकीपाशी ताठ बसून होता.

बहिणीनं दार उघडलं. "आलात? पाय धुवा," म्हणाली. त्यानं पाय धुतले, वाढलं ते जेवला, दाखवलं तिथं बसला. रात्री ती स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"दादा, हे बोलत का नाहीत?"

"दमलाय."

"सगळा जन्म मी या माणसाला गप्प बसा म्हणत आले," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला. "हा कोण आणलास तू?"

पुढच्याच आठवड्यात मी एकटा त्या गावात गेलो. धुकं येईपर्यंत थांबलो, दोर धरून हिसके दिले. एक, दोन, तीन, परत तीन. लोक दारं लावून आत बसले. दोर मेल्यासारखा निपचित होता. परत येऊन बहिणीला तसं सांगितलं. तेव्हापासून ती मला घरात घेईना. दाराच्या फटीतून म्हणायची, "बरे आहेत. तू जा." चेहऱ्यावर तिच्या काळजी नव्हती. ते मला जास्त खुपलं.

परवा संध्याकाळी मी मागच्या बाजूनं गेलो. खिडकी अर्धी उघडी होती. आत दिवा लावलेला, तो खुर्चीत नेहमीसारखा ताठ, आणि बहीण त्याच्यासमोर जमिनीवर, दुखरे गुडघे दुमडून बसलेली. तिनं त्याच्या तोंडाला कान लावला होता.

"कुठवर आलात?" ती हळूच म्हणाली.

त्याचे ओठ बोलल्यासारखे हलले नाहीत. नुसते उघडले. आणि आतून, फार खालून, रेडिओचा आवाज आला. माझ्या दोस्ताचा आवाज, धाप लागलेला.

"येतोय गं... बराच वर आलोय. तुझ्या दादाला म्हणावं, जरा हळू ओढ. हात सोलले माझे."

मी खिडकीबाहेर उभा होतो. माझे दोन्ही हात रिकामे होते.