हॅगार्टच्या नावाला दार

पाद्रीसाहेब, मी आलो होतो उद्यासाठी शेगडीत कोळसा भरून ठेवायला आणि भिंतीवरच्या पितळी पाट्या पुसायला. दोन्ही कामं झाली. आता बसा म्हणालात, तर बसतो. दिवा तेवढा तुमच्याकडे ओढून घ्या, मला उजेड नको.

तुमचा हा इथला पहिला स्मरणाचा रविवार. टेबलावर तुमचा कागद दिसला. पहिल्या महायुद्धात गेलेली सत्तावीस नावं, संगमरवरावर आहेत त्याच क्रमानं. दहाव्या नावापुढे तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंय, 'दार? कशासाठी?' बारा वर्षांपूर्वी इथले पाद्री मिस्टर फॉर्सिथ यांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा मी खांदे उडवले. तीच माझी चूक झाली, म्हणून आज सगळं सांगतो.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नाव वाचलं की त्या घरातलं कुणीतरी उभं राहतं, आई, भाऊ, बायको, जे कुणी मागे उरलं असेल ते. सत्ताविसावं नाव होईपर्यंत सगळे उभेच राहतात. कुणी बोलत नाही, कुणी रडत नाही. मग स्तोत्र म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं.

मरडॉक हॅगार्टला घरच नव्हतं. ग्लासगोच्या अनाथालयानं त्याला सात वर्षांचा असताना आपल्या खोऱ्यात पाठवलं, केर्डच्या शेतावर. अशी मुलं तेव्हा गावोगाव असायची. लोक त्यांना 'पाठवलेली' म्हणायचे. खायला घालायचे, शाळेत धाडायचे, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवायचे. वीस वर्षं राबलं तरी ते पोर पाठवलेलंच. हॅगार्टनं या खोऱ्यात बैल हाकले, मेंढ्या कातरल्या, गावच्या पोरांबरोबर भरती होऊन फ्रान्सला गेला, आणि तिथं मेला. पाटीवर नाव आलं. पण नावाला उभं कोण राहणार?

माझे वडील तेव्हा या चर्चचे सेवक होते. घंटा, शेगडी, कबरी खणणं, रविवारी बायबल वर नेऊन ठेवणं, जे मी आज करतो ते सगळं. युद्धातून ते डाव्या हाताची तीनच बोटं घेऊन परत आले होते. एकवीस साली ही संगमरवरी पाटी बसली आणि पहिल्यांदा नावं वाचली गेली. हॅगार्टचं नाव आलं तसे वडील मागे गेले, हे मोठं दार सताड उघडलं, बारा आकडे मोजले आणि लावून घेतलं. मग पुढचं नाव. लोकांना वाटलं, ज्याचं कुणी नाही त्याचा हा मान. मलाही तसंच वाटायचं.

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हॅगार्टचं नाव झालं की दार. पुढचं नाव यायच्या आत तो बाहेर गेला पाहिजे."

"कोण बाहेर गेला पाहिजे, बाबा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवसांनी गेले.

मिस्टर फॉर्सिथ एडिंबरोचे. माणूस सरळ, मनानं चांगला, पण थंडीचा भित्रा. पस्तीस सालच्या त्या नोव्हेंबरात केर्डबाईंचा खोकला वाढला होता आणि दाराच्या वाऱ्यानं त्या मरतील असं त्यांनी मनात घेतलं.

"हेक्टर, हे दार उघडणं म्हणजे काय आहे? कॅथलिकांचं खूळ आपल्याकडे कुठून शिरलं?"

"बाबा करायचे, साहेब."

"मग आता नको. त्या बिचाऱ्यासाठी कुणीतरी उभं राहील. वाऱ्यापेक्षा माणूस बरं, नाही का?"

बरं होतं की. मेलेल्या बापाचा शब्द सांगितला असता तर एडिंबरोचा माणूस हसला असता, आणि मला स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. मी मान हलवली. बुधवारच्या प्रार्थनेला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हॅगार्टसाठी कोण उभं राहतं? एकही हात वर झाला नाही. केर्डबाई खोकल्याच्या मधूनच म्हणाल्या, "तो आमच्यातला नव्हता." आणि त्या पोरानं त्यांच्याच गोठ्यात वीस वर्षं शेण काढलं होतं.

घरी आलो तर माझी बायको एल्स्पेथ सूप ढवळत होती.

"मी राहीन उभी," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"मी कशाला म्हणजे? मीही पाठवलेलीच ना? त्याच अनाथालयातून, तशाच गाडीनं. गळ्यात चिठ्ठी बांधून."

"तुला आता घर आहे. तू आता आमच्या राए घराण्यातली आहेस."

"हो का? परवा दुकानात दोघी विचारत होत्या, हेक्टरची बायको नक्की कुणाची गं? आठ वर्षं झाली लग्नाला." चमचा भांड्यावर आपटून ती हसली. "मी मेले ना, तर माझ्या नावालाही तू दारच उघडशील. त्यापेक्षा मी त्याच्या नावाला उभी राहते, म्हणजे आमच्यातलं कुणीतरी कुणासाठी तरी उभं राहिलं असं होईल."

वडिलांचं बोलणं अगदी ओठावर आलं होतं. सांगितलं असतं तर तिनं ऐकलंही असतं कदाचित. पण ती इतकी खुशीत होती, आणि मला आपलाच भित्रेपणा लाजवत होता. मी सूप प्यालो आणि म्हणालो, "तुझी ती काळी टोपी घाल, चांगली दिसते."

रविवारी सकाळी ऊन होतं, साहेब. हे मी मुद्दाम सांगतो. अंधार नव्हता, वादळ नव्हतं. खिडकीतून ऊन थेट संगमरवरावर पडलं होतं आणि वरची जुनी निशाणं कोळिष्टकासारखी लोंबत होती. मी दार लावलं, अडसर घातला, वारा येऊ नये म्हणून खाली चटईची गुंडाळी दाबली. आपल्या हातांनी.

मिस्टर फॉर्सिथ वाचू लागले. एकेक नाव, एकेक घर उभं. नऊ नावं झाली.

"मरडॉक हॅगार्ट."

एल्स्पेथ उभी राहिली. मागच्या बाकावरून, काळी टोपी, मान ताठ. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं मात्र माझ्याकडे पाहिलं आणि जरा हसली. मला तिचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

"डेव्हिड केर्ड."

केर्डबाई मुलाच्या नावाला उभ्या राहिल्या आणि वास आला. आधी मला शेगडीचा वाटला. पण तो ओल्या चुन्याचा होता, आणि चुन्याखाली मांसाचा, उन्हात राहिलेल्या मांसाचा. एल्स्पेथनं दोन्ही हात पोटावर दाबले. ती हळूहळू खाली बसली, मग बाकावरून घसरून मधल्या वाटेत पडली, आणि ओरडली.

मी डुकरं मारताना ऐकलीत, साहेब. बाळंतपणंही ऐकलीत. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. आवाज तिचाच होता. शब्द तिचे नव्हते.

"मला टाकून जाऊ नका... डेव्ही... मी तुमचाच आहे ना... डेव्ही, पाणी..."

मी धावायला हवं होतं. पाय उचलेना. आणि तेवढ्यात, जे जे उभे होते ते सगळे खाली झाले. गुडघ्यांवर, मग पोटावर. रविवारच्या काळ्या कपड्यांतली माणसं बाकांतून निघून फरशीवरून सरपटू लागली. सत्तरीच्या केर्डबाई, हातमोज्यांसकट, कोपरांवर अंग ओढत. खोकला गायब. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती घाई होती, आणि भीती.

"गप्प कर त्याला..."

"ऐकू जाईल... चाळीस पावलांवर आहेत ते..."

"तोंड दाब... तोंड दाब त्याचं..."

वर मिस्टर फॉर्सिथ नावं वाचतच होते. आवाज अगदी खाली गेला होता, नुसती कुजबुज, पण थांबत नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ पुढचं नाव म्हणत होते. प्रत्येक नावाला आणखी एक जण उभा राहायचा आणि खाली झुकून सरपटू लागायचा.

त्यांनी तिचे पाय धरले. कुणीतरी तिच्या तोंडात हातमोजा कोंबला, तिनं तो थुंकला आणि पुन्हा ओरडली. केर्डबाईंनी तिचं डोकं केसांना धरून फरशीवर आपटलं. एकदा. दोनदा. टोपी बाजूला उडाली. तरी ओरडणं थांबेना.

आता तुम्ही विचाराल, मी काय करत होतो? दार माझ्यापासून दोन हातांवर होतं. अडसर काढला असता तर... मला ते कळत होतं. शपथेवर सांगतो, डोक्याच्या एका कोपऱ्यात मला सगळं कळत होतं. ही एल्स्पेथ आहे, दार उघड. आणि त्याच वेळी मला माझ्या पोटाखालची ओली माती जाणवत होती, आणि पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत काही बोललं ते मी ऐकलं, आणि मनात एकच गोष्ट होती. हा गप्प झाला नाही तर आम्ही सगळे मरू. एका पाठवलेल्या पोरापायी आम्ही सगळे.

कोळशाचं फावडं शेगडीशी होतं. आखूड दांड्याचं. ते माझ्या हातात कधी आलं ते मला सांगता येणार नाही. मी पोटावर सरकत गेलो. लोकांनी मला वाट करून दिली. मी डावा हात तिच्या तोंडावर ठेवला, ती कडकडून चावली, तरी सोडला नाही. तिचे डोळे माझ्याकडे होते. त्या डोळ्यांत मी ओळख पाहिली. पण मी हेक्टर म्हणून, की आणखी कुणी म्हणून, ते मला आजही कळत नाही.

"गप्प, पोरा," मी म्हणालो. "गप्प... झालंच आता."

तीन घाव घातले. तिसऱ्याला ती गप्प झाली.

सत्ताविसावं नाव झालं. सगळे उठले, गुडघे झटकले, आपापल्या बाकाशी जाऊन उभे राहिले. मिस्टर फॉर्सिथनी स्तोत्राचा आकडा सांगितला आणि आम्ही स्तोत्र म्हटलं. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. मीही म्हटलं, तिच्या शेजारी उभं राहून, फावडं हातात धरून. शेवटची ओळ संपली आणि मग कुणीतरी किंचाळलं.

पुढचं तुम्ही ऐकलं असेल. राएची बायको फेफरं येऊन प्रवचनाच्या चौथऱ्याच्या दगडी पायरीवर पडून मेली. पोलीस आला, त्यानं एकेकाला विचारलं. प्रत्येकानं हेच सांगितलं, त्याच शब्दांत, आणि एकमेकांशी बोलायला कुणाला वेळच मिळाला नव्हता. माझ्या तोंडूनही तेच निघालं. मला कबूल करायचं होतं, साहेब. जीभ वळली नाही. मिस्टर फॉर्सिथ महिन्याभरात गेले, निरोपही न घेता.

हॅगार्ट मेला त्या रात्रीच्या तुकडीतला शेवटचा जिवंत माणूस म्हणजे मेंढपाळ टॅम कार्गिल. मी त्याच्याकडे गेलो. तो कुत्र्याला खायला घालत होता.

"पोटात गोळी लागली होती त्याच्या," वर न बघता टॅम म्हणाला. "दोन तास ओरडत होता. डेव्ही केर्ड म्हणाला, आपल्यातला असता तर वेगळं. मग चिठ्ठ्या टाकल्या. तुझ्या बापाची निघाली."

एवढंच तो बोलला. कुत्र्याला हाक मारून आत गेला.

तेव्हापासून दार मी उघडतो. बारा आकडे मोजतो. अकरा वर्षांत काही झालेलं नाही. उद्या थंडी असो, बर्फ असो, कुणी खोकून मरो, तुम्ही हॅगार्टचं नाव वाचा आणि माझ्याकडे बघून थांबा. मी दार लावल्याशिवाय पुढचं नाव तोंडातून काढू नका. माझ्याकडून ते झालं नाही तर तुम्ही उघडा.

एल्स्पेथला मीच धुतलं. दुसऱ्या बाईला हात लावू दिला नाही. तिच्या कोटाच्या खिशात रुमाल होता, आणि रुमालात तिची कवळी. लग्नात तिला दुसरं काय मिळणार? ज्यांनी सांभाळली त्यांनी आपल्याकडच्या पद्धतीनं सगळे दात काढून कवळी करून दिली होती, पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून. स्तोत्र म्हणताना ती कवळी शीळ वाजवायची, म्हणून एल्स्पेथ चर्चमध्ये शिरली की कवळी खिशात टाकायची. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, साहेब.

आता दिवा इकडे करा. हा माझा डावा तळवा. दातांचे वण, वर सहा, खाली पाच. डॉक्टरांनी तीनदा टाके घातले. आज सकाळपासून पुन्हा रक्त येतंय.