वरच्या गावातली बाई

माझं काम तसं कंटाळवाणं आहे. अमेरिकेत, बेलव्ह्यूमधल्या एका कंपनीत आम्ही कॉम्प्युटरला वेगवेगळ्या भाषा ऐकायला शिकवतो. गेल्या फेब्रुवारीत माझ्याकडे क्वेचुआ आली. पेरू देशात, अँडीजच्या डोंगरांत, साडेबारा हजार फुटांवर एक तालुका आहे. तिथे बहुतेक सगळे हीच भाषा बोलतात. विल्मा नावाची तिथलीच एक मुलगी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायची आणि इंग्रजी भाषांतरासकट पाठवायची. मला क्वेचुआचं अक्षरही कळत नव्हतं. आवाज स्वच्छ आहे का, एवढंच मी तपासायचो.

मी घरून काम करायचो, डायनिंग टेबलावर. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली होती. अमरावतीच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. ती समोर बसून मेथी निवडायची.

एका दुपारी स्पीकरवर एक बाई बोलत होती. आवाज जाड, मधेच खोकणारा. आई हसली.

"काय झालं गं?"

"तिच्या मेंढीने म्हणे पाद्र्याची टोपी खाल्ली."

"आई, ही भाषा कुठली आहे, माहितीये का तुला?"

"नाही रे. पण कळतंय की."

मी विल्माचं भाषांतर उघडलं. मेंढी. पाद्री. टोपी.

दुसऱ्या दिवशी मी वीस फाइल्स उलटसुलट लावून आईला ऐकवल्या. चौदा वेळा तिने नकारार्थी मान हलवली. सहा वेळा अचूक अर्थ सांगितला. सहाही फाइल्स त्याच बाईच्या होत्या. विल्माची नोंद होती : वय एकाहत्तर, विधवा, वरच्या गावातलं शेवटचं घर.

आईचंही वय एकाहत्तर.

"बंद कर हे, शंतनू," माझी बायको उल्का म्हणाली. "त्यांना स्ट्रेस होतोय, यार." मी त्या दिवसापासून स्पीकर लावला नाही.

मार्च संपता संपता आई शब्द विसरू लागली. आधी 'झारा'. मग 'उंबरठा'. मग उल्काचं नाव. एकदा पाणी हवं होतं तेव्हा ती "उनु" म्हणाली. मी शोधलं. क्वेचुआत पाण्याला उनु म्हणतात.

डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन केला. वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. विसरण्याची सुरुवात असेल. मला ते पटवून घ्यायचं होतं. पण विसरणारं माणूस गोंधळतं, घाबरतं. आई खुशीत होती. गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून ती पाच-पाच मिनिटं उभी राहायची, पहिल्यांदाच पाहिल्यासारखी. पलंग सोडून गालिच्यावर झोपायची, हीटरच्या जाळीला पाठ लावून.

"आई, माझं नाव सांग."

तिने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. शेजारच्या गुणी मुलाकडे पाहावं तसं. गालावर थोपटलं.

एप्रिलमध्ये, एका सकाळी, विल्माचा मेल आला. 'ती मेंढीवाली आजी आठवते? तिच्या घरचे काळजीत आहेत. आठवडाभर ती क्वेचुआ बोलत नाही, स्पॅनिशही नाही. दिवसभर रस्त्याकडेला बसून खालून येणाऱ्या गाड्या बघते. भलतंच काहीतरी बोलते, इथे कुणालाच कळत नाही. तुमच्याकडे इतक्या भाषा आहेत. ही कुठली, ओळखता येईल का?'

खाली चौदा सेकंदांची फाइल होती.

मी हेडफोन लावले. वारा. लांबवर कुत्रं. मग तोच जाड, खोकणारा आवाज.

"शंतनू, इथे फार गार आहे रे. मला घ्यायला ये."

मी पुन्हा ऐकलं.

तिसऱ्यांदा लावलं.

ओट्याशी आई बटाटे सोलत होती. हेडफोनमधून आवाज बाहेर जात नाही; मी नंतर तपासून पाहिलं.

सोलण्याचा आवाज थांबला.

ती वळली नाही. सुरी हातात धरून पाठमोरीच उभी राहिली, मी विल्माला काय उत्तर लिहितो त्याची वाट पाहत.