चांदणीचे दोन रॉड

इंजिनाच्या सहा रॉडपैकी दोन परके निघाले.

आमगावच्या गॅरेजात भूमेश्वरी कटरेनं ते पुसून पोत्यावर मांडले. चार रॉडांवर छिन्नीच्या साध्या रेघा होत्या. उरलेल्या दोहोंवर चार घावांची एकेक चांदणी.

ती चांदणी तिला पाठ होती. तिचा सासरा हिरालाल मिस्त्री प्रत्येक गाडीच्या रॉडांवर वेगळी खूण कोरायचा. चांदणी त्यानं एकाच गाडीला दिली होती. तिचा नवरा ओमेश्वर जो ट्रक चालवायचा, त्याला.

तो ट्रक तीन वर्षांपूर्वी, पाच ऑगस्टला, ओमेश्वरसकट नाहीसा झाला. ट्रकमालक घनश्यामनं ओमेश्वरच्या नावानं चोरीची तक्रार दिली. तेव्हापासून गावाला दोनच उद्योग उरले, धान रोवणं आणि ओमेश्वरचं काय झालं ते ठरवणं. अर्ध्या गावानं त्याला मारून टाकलं होतं, अर्ध्यानं परक्या मुलखात त्याला दुसरा संसार थाटून दिला होता. भूमेश्वरी विधवा की टाकलेली, हे मात्र कुणी सांगत नव्हतं, आणि तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

ती रोज स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं एक फुली मारायची. सगळी पानं तिनं जपून ठेवली होती. पहिलं तेवढं, त्या ऑगस्टचं, भिंतीवरूनच गेलं होतं. उंदरानं नेलं असेल, असं सासरा म्हणाला होता.

चांदणी पाहून तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आत काही हललंसुद्धा नाही. ती हात पुसून केवलरामकडे वळली. तो सौंदडजवळचा, त्याची धानाची गिरणी या इंजिनावर चालायची.

"केवलरामभाऊ, हे इंजिन कुठून आनलं?"

"गोंदियाच्या कबाड्याकडून."

"कधी?"

"तीन वर्षं होतील. दिवाळीच्या पहिले."

"खुल्लं होतं का बांधलेलं?"

"बांधलेलं. चालवून दाखोलं ना त्यानं."

"मंग मधात कोनी खोललं?"

"कोनीच नाही. आता आवाज करून राहिलं म्हनून पहिल्यांदाच आनलं. तुमचे मामाजी तं हातच लावत नव्हते. गोंदियाले ने म्हनत. काऊन?"

भूमेश्वरीनं दाराकडे पाहिलं. सकाळी हिरालाल नको म्हणेपर्यंत तिनं ट्रॉलीचे दोर सोडलेही होते. केवलराम चहा प्यायला गेला.

हिरालाल दारात बसला होता. डाव्या हातात चहाचा ग्लास, नजर रस्त्यावर. तो डावखुरा होता, पानाही त्याच हातात धरायचा.

"मामाजी, चांदणी पाह्यली?"

"पाह्यली."

"का वाटते?"

"मारलं असन पोराले. ट्रक तोडून विकला. मी पहिलेच म्हनलं होतं, आपला ओमेश्वर गेला."

"म्हनून इंजिन नको म्हनत होते?"

"बापाच्यानं पाहवते का हे?"

तिचा विश्वास बसत आला होता. म्हातारा खोटं बोलणारा नव्हता, निदान रोजच्या गोष्टींत तरी. ती परत कामाला लागली. रॉडांचे नट सुटू नयेत म्हणून अडकवलेल्या तारा तिनं ओळीनं ठेवल्या होत्या. सहाही तारा डावीकडे पिळलेल्या होत्या. तिनं स्वतः एक तार पिळून शेजारी ठेवली. ती उजवीकडे वळली.

मग तिनं बाजूच्या झाकणाचं पॅकिंग पातीनं सोडवलं. जाड कागद, तेलानं तपकिरी झालेला. तिनं डिझेलमध्ये बुडवून तो उन्हात धरला. चौकटी दिसल्या. पोळ्याच्या बैलाचं अर्धं चित्र दिसलं, आणि त्यावर लाल पेन्सिलीची फुली.

फुली तिचीच होती.

तिनं पॅकिंग हिरालालच्या पुढ्यात ठेवलं.

"मामाजी, मी बोलतो. चुकलं तं सांगा."

तिनं फुलीवर बोट ठेवलं.

"पॅकिंग नवंच कापलेलं असते, इंजिन बांधाच्या वक्ती. हे पान ऑगस्टचं. महिना सरेपर्यंत माह्या रांधनीत होतं, फुल्या एकतीसपर्यंत मारल्या मी. म्हंजे तुमचा पोरगा गेल्यावर हे इंजिन बांधलं, अन् बांधनारा आपल्या घरातला. घरात दोघंच होतो. तुमच्या पोरानं कधी पाना धरला नाही. तारा डाव्या हाताच्या. मले तवा नट कोनता अन् बोल्ट कोनता, हेही समजत नव्हतं."

"चांदणी..." हिरालाल म्हणाला.

"हो, चांदणी. चोर असता तं घासून काढली असती. तुम्ही नाही घासली. रॉडाचं वजन बिघडलं असतं, अन् बिघडलेलं काम तुमच्या हातून होत नाही. कबाड्याच्या इंजिनातले दोन रॉड गेले होते, तुम्ही त्या ट्रकचे टाकले. ट्रक तुम्ही तोडला, मामाजी."

ग्लास तसाच भरलेला होता. चहावर साय धरली होती.

"तो पंधरा दिवसांनी आल्ता," हिरालाल म्हणाला. "ट्रक घेऊन. शेतावरच्या गुरांच्या कोठ्यात. म्हनाला, तोडून दे, नाही तं जेलात जातो."

"जिता हाय?"

"हाय. राजनांदगावले. बाई हाय. एक पोरगी हाय."

"मले काऊन नाही सांगतलं?"

हिरालालनं ग्लास खाली ठेवला.

"तू माहेरी गेली असती," तो म्हणाला. "मंग माह्यापाशी कोन होतं?"

भूमेश्वरीला राग यायला हवा होता. तीन वर्षं तिनं या माणसाला वेळेवर भात वाढला होता, त्याच्याकडून इंजिन शिकली होती, आणि तो रोज तिच्या फुल्या पाहत होता. राग आला नाही. पायांना तेवढी मुंग्या आल्यासारखी जाणीव झाली, बराच वेळ एका कुशीवर पडून उठल्यावर होते तशी. त्या पायांवर ती उभी राहिली.

तिनं दोन्ही रॉड आणि पॅकिंग पिशवीत घातलं.

"कुठं जाऊन राहिली?"

"ठाण्यात. मंग माहेरी."

"केवलरामचं इंजिन? दोन रॉडाबिगर कसं बांधाचं?"

"तुमच्या पोराले मांगा. चांदणीचे बाकीचे चार त्याच्यापाशीच असतील."

ती रस्त्याला लागली तेव्हा मागून हाक आली, "भूमे, वापस कधी येशीन?"

तिनं पदरात खोचलेली लाल पेन्सिल काढली, परत फिरून त्याच्या डाव्या हातात दिली.

"फुल्या मारत राहा, मामाजी," ती म्हणाली, आणि निघून गेली.